दुखणे नेमके कुठे

जून २०१८ मध्ये शाळा सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा मला लघवीचा संसर्ग झाला. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाळ्यात असले काही होणे नवलाचे नाही. धुतलेले कपडे चार-चार दिवस पडवीतल्या दोरीवर ओलेच राहतात आणि शेवटी चुलीच्या धगीवर धरून घालावे लागतात. डॉक्टरांनी पाच दिवसांची प्रतिजैविके दिली, लघवीचा त्रास गेला, आणि प्रतिजैविकांनंतर पुष्कळ जणींना होतो तसा बुरशीचा संसर्ग मागोमाग आला. योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या आणि पोटात घ्यायची फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी एवढ्या औषधाने आठवड्याभरात खाज थांबली, पांढरे जाणेही थांबले. एक जळजळ तेवढी मागे राहिली, आणि ती पुढे जवळजवळ चार वर्षे राहिली.

ही जळजळ खाजेसारखी नव्हती. आमसुले घालताना मिठाच्या रसात हात बुडवावा आणि बोटाला आधीच बारीक चीर असावी, तसे ते होत असे. गंमत अशी की नुसती उभी असले किंवा निजलेली असले तर काहीच जाणवत नसे. त्या जागेला काही टेकले, की ते सुरू होई: एस.टी.ची बाकडी, स्कूटरची सीट, सलवारीची शिवण, लघवीनंतर पुसण्यासाठी घेतलेला कापडाचा तुकडा. एकदा सुरू झाले, की दोन-तीन तास धग जात नसे. नवऱ्याजवळ जाणे तर चार-सहा महिन्यांत जवळजवळ बंदच झाले. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. शिक्षिकेने तासाला उभे राहूनच शिकवायचे असते, त्यामुळे मी शाळेत दिवसभर बसत नाही हे कोणाच्या लक्षात आले नाही. शिक्षकांच्या खोलीत खिडकीला टेकून मी वह्या तपासत असे आणि 'मॅडमना सवयच आहे' असे सहकारी म्हणत.

मी स्वतः मात्र डॉक्टरांना हे काहीच सांगितले नाही. मी सांगत होते ते एवढेच: 'खाली जळजळते.' वर्षानुवर्षे दहावीच्या मुलांसाठी मी फळ्यावर स्त्री-प्रजननसंस्थेची आकृती काढली आहे. अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय, ग्रीवा, योनी अशी नावे देत खाली यायचे आणि तिथे आकृती संपवायची. जिथे माझी आकृती संपत होती, तिथूनच माझे दुखणे सुरू होत होते, आणि त्या भागासाठी माझ्याजवळ 'खाली' याखेरीज शब्द नव्हता.

'खाली जळजळते' या वाक्याचा दवाखान्यात एकच अर्थ होतो: संसर्ग. २०१८ ते २०२२ या काळात मी तालुक्याच्या गावी, जिल्ह्याच्या ठिकाणी आणि पुढे घाट चढून कोल्हापूरला असे मिळून पाच डॉक्टर केले. जुनी कागदपत्रे लावून पाहिली तेव्हा बुरशीविरोधी औषधांचे अकरा कोर्स निघाले. लघवीचे कल्चर स्वच्छ आले, रक्तातील साखर ठीक होती, सोनोग्राफीत काही नव्हते, गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी निर्दोष आली. प्रत्येक अहवाल 'काही नाही' असे सांगत होता, आणि तरीही प्रत्येक वेळी चिठ्ठीवर पुन्हा बुरशीचेच औषध लिहिले जात होते. एका त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइडचे मलम दिले, ते लावल्यावर मी रात्रभर ओल्या फडक्यावर बसून होते. कोल्हापूरच्या एका बाईंनी अहवालांचा गठ्ठा चाळला, मान वर न करता 'सगळे नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका, दुसरे मूल होऊ द्या' असे सांगितले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. परतताना फोंडा घाटाच्या वळणांवर त्या 'मनावर'चा अर्थ मला एस.टी.च्या दर धक्क्याला कळत होता.

या सगळ्यांनी मला तपासले नाही असे नाही. प्रत्येकाने तपासले. परंतु तपासणे म्हणजे स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारे उपकरण, आत घालणे आणि दिव्याच्या उजेडात ग्रीवा, म्हणजे गर्भाशयाचे मुख, पाहणे. ते उपकरण नेमके दुखऱ्या जागेवरून पुढे जाई, मी कळवळत असे, आणि डॉक्टर 'थोडे सैल सोडा' म्हणत आतले काय ते पाहून घेत. दुखत होते ते दारात, आणि पाहिले जात होते ते माजघर.

दरम्यान घरचे उपायही चालू होतेच. धुण्याच्या पाण्यात जंतुनाशकाचे चार थेंब, कडुनिंबाच्या पानांचा काढा, खोबरेलात कालवलेली हळद, जाहिरातीत दाखवतात तसले सुगंधी द्रव, यांतले एकही मी सोडले नाही. आज कळते की यांतल्या बऱ्याच गोष्टी आधीच चिडलेल्या त्वचेला आणखी चिडवत होत्या, आणि गरज नसताना पुन्हा पुन्हा लावलेली बुरशीची मलमेही त्यात भर घालत होती. मोबाइलवर पाहून मी ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायामही सुरू केले होते. बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी ते चांगले असतात म्हणून मलाही चांगले, असा माझा हिशोब होता. तो पुरता उलटा निघाला, त्याचे पुढे सांगते.

२०२० साल टाळेबंदीत गेले. प्रवासच नव्हता म्हणून दुखणे थोडे कमी होते, आणि मला वाटले की सुटले. शाळा उघडल्या, एस.टी. सुरू झाली, आणि पंधरा दिवसांत मी होते तिथेच आले.

मुंबईला परिचारिका असलेल्या माझ्या मावसबहिणीला मी २०२२ च्या जानेवारीत फोनवर सहज बोलून गेले. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग तिने मला एकच प्रश्न विचारला: 'कोणी कापसाची काडी लावून बघितली का?' मला तो प्रश्नच कळला नाही. तिने एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचे नाव सांगितले आणि वेळही तिनेच घेतली. फेब्रुवारीत मी कुडाळला कोकणकन्या पकडली. रात्रीच्या गाडीत निजून जाता येते, म्हणून तीच निवडली होती.

त्या डॉक्टरांनी पहिला पाऊण तास मला टेबलावर घेतलेच नाही. त्या विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या. दुखणे आपोआप येते की काही लागल्यावर? पहिल्यापासूनच होते, की आधी काही वर्षे नीट होते? जळते, टोचते, की ठणकते? लागल्यावर किती वेळ राहते? बद्धकोष्ठ आहे का, लघवी सुरू होताना अडते का, ताण आला की जबडा आवळला जातो का? शेवटचा प्रश्न मला चमत्कारिक वाटला, पण उत्तर 'होय' होते. गर्भनिरोधक गोळ्या घेता का आणि पाळी नियमित आहे का हेही त्यांनी विचारले, कारण संप्रेरके कमी पडल्यानेही हा भाग कोरडा आणि हळवा होऊ शकतो. माझे वय तेव्हा ३६ होते, पाळी नियमित होती आणि गोळ्या मी कधी घेतल्या नव्हत्या.

मग त्यांनी माझ्या हातात एक आरसा दिला. 'मी बोट लावणार नाही, तुम्ही दाखवा,' असे त्या म्हणाल्या. स्वतःचे ते अंग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, एक मूल झाल्यानंतर. त्यांनी एकेका भागाचे नाव सांगितले: बाहेरचे मोठे ओष्ठ, आतले लहान ओष्ठ, आणि लहान ओष्ठांच्या आत योनीच्या तोंडाभोवती जी नाजूक गुलाबी पट्टी असते ते प्रांगण, इंग्रजीत व्हेस्टिब्यूल. बाहेर ओष्ठ, आत योनी आणि मध्ये हे अंगण. मी विज्ञान शिकवते, पण हे अंगण मला ठाऊक नव्हते.

नंतर त्यांनी कापसाची काडी घेतली, कानात घालतो तसलीच, आणि जराशी ओली केली. योनीच्या तोंडाभोवती घड्याळाची तबकडी कल्पायची. वर लघवीच्या छिद्राच्या बाजूला बारा, खाली गुदद्वाराच्या बाजूला सहा. प्रत्येक स्पर्शाला मी शून्य ते दहा यांतला आकडा सांगायचा. त्यांनी मुद्दाम दुरून सुरुवात केली. मांडीवर शून्य. मोठ्या ओष्ठांवर शून्य. लहान ओष्ठांच्या बाहेरच्या बाजूला शून्य, आतल्या बाजूला एक. मग काडी प्रांगणात आली. एक वाजण्याच्या जागी तीन, अकराच्या जागी तीन. पाचच्या जागी काडी नुसती टेकली आणि माझे दोन्ही पाय टेबलावर आखडले. मी 'आठ' म्हणाले ते रडतच म्हणाले. सातच्या जागी सात. दाब म्हणाल तर कागदावर पेन्सिल टेकवावी एवढासुद्धा नव्हता. सहायक परिचारिका समोर छापलेल्या गोलावर आकडे लिहीत होती, आणि मी त्या गोलाकडे पाहत होते. चार वर्षे जे 'खाली' होते ते एका कागदावर पाच आणि सात असे उमटले होते. सगळ्याला दोन मिनिटे लागली असतील.

अर्थात तेवढ्यावर निदान होत नाही. हे दुखणे दुसरे काही नाही म्हणून ठरवावे लागते. त्यांनी त्वचा भिंगातून पाहिली; लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगात ती पांढुरकी, पातळ होते आणि घड्या बुजत जातात, तसे नव्हते. फोड, व्रण, चिरा नव्हत्या. स्रावाची आम्लता कागदाच्या पट्टीवर पाहिली, थेंब काचपट्टीवर घेऊन तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि बुरशीचे कल्चरही पाठवले. ते नंतर निर्दोष आले. मला वाटले, अकरा कोर्स देण्याआधी हा एक थेंब कोणी काचेवर घेतला असता तर.

शेवटी एकच बोट, भरपूर जेली लावून, पाच आणि सातला न टेकवता आत घालून त्यांनी दोन्ही बाजूंचे श्रोणीतळाचे, म्हणजे ओटीपोटाखालचे, स्नायू दाबून पाहिले. हे स्नायू पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. माझी झोळी दगडासारखी झाली होती, आणि डाव्या बाजूला दाबताच तीच ओळखीची धग उठली. आवळण्याचे व्यायाम करता का, असे त्यांनी विचारले. मी अभिमानाने 'रोज शंभर' म्हणाले. त्यांनी डोक्याला हात लावला. आधीच आखडलेल्या स्नायूंना मी दोन वर्षे रोज शंभर वेळा आणखी आवळत होते.

निदानाचे नाव त्यांनी मराठी अक्षरांत लिहून दिले: व्हल्व्होडिनिया, त्यातही स्थानिक, प्रांगणापुरता, स्पर्शाने उठणारा आणि नंतर उद्भवलेला, म्हणजे व्हेस्टिब्युलोडिनिया. २०१५ साली तीन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी मिळून ठरवलेल्या परिभाषेत या शब्दाचा अर्थ असा आहे, की बाह्य जननेंद्रियात किमान तीन महिने टिकलेली आणि स्पष्ट कारण न सापडलेली वेदना, जिच्याशी स्नायू, मज्जातंतू, संप्रेरके, मन असे अनेक घटक निगडित असू शकतात. माझ्या बाबतीत त्यांनी असे समजावले, की पहिल्या संसर्गाने त्या पट्टीतल्या वेदनेच्या नसा चेतवल्या गेल्या; संसर्ग गेला तरी नसा शांत झाल्या नाहीत. अशा काही रुग्णांच्या प्रांगणाच्या ऊतीत वेदना वाहणारे मज्जातंतू नेहमीपेक्षा दाट आढळले आहेत. दुखेल या भीतीने स्नायू आखडतात, आखडलेल्या स्नायूंनी स्पर्श अधिक दुखतो, दुखल्याने भीती वाढते. 'मनावर घेऊ नका' या वाक्यात मनाचा उल्लेख होता हे खरे, पण तो या साखळीतली एक कडी म्हणून नव्हता, पेशंटला दाराबाहेर काढण्यासाठी होता.

नंतर मी वाचले, की अमेरिकेत बॉस्टन परिसरात केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे १६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी तीन महिने किंवा अधिक टिकलेली अशी वेदना सांगितली होती, आणि उपचाराला गेलेल्यांपैकी ६० टक्के स्त्रियांनी तीन किंवा अधिक डॉक्टर केले होते. माझे पाच. बॉस्टनला घाट उतरावे लागत नाहीत, एवढाच फरक.

परतीच्या मांडवी एक्स्प्रेसमध्ये पनवेलपर्यंत मी बसले आणि पुढचे सगळे दाराजवळ उभी राहून काढले.

उपचारांची यादी पाहून मी प्रथम निराश झाले. पहिल्या महिन्यात बहुतेक सारे बंद करण्याचेच होते: साबण, सुगंधी द्रव, जंतुनाशक, सर्व मलमे. फक्त साधे पाणी, पांढरे सुती कपडे, धुण्याच्या पावडरीनंतर साध्या पाण्यात दोनदा नीट खळबळलेले, आणि अंघोळीनंतर पाण्याने ओल्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. एवढ्यानेच तीन आठवड्यांत पाचचा आठ साडेसहावर आला असावा; ज्या गोष्टीला मी स्वच्छता समजत होते ती दुखण्याचा एक हिस्सा होती.

पाच टक्के लिडोकेनचे, म्हणजे जागा बधिर करणारे, मलम रात्री कापसावर घेऊन त्या जागी ठेवायचे होते. लावल्यावर पहिली पाच मिनिटे ते स्वतःच झोंबते, हे आधी सांगितले नसते तर मी पहिल्याच रात्री फेकून दिले असते. दुसरे औषध अमिट्रिप्टिलिनची गोळी, १० मिलिग्रॅम, रात्री, आणि दर दोन आठवड्यांनी दहाने वाढवत ३० पर्यंत. आमच्या बाजारातल्या औषधवाल्याने चिठ्ठी पाहून हलक्या आवाजात 'ही कोणासाठी? ही मनाची गोळी आहे' असे विचारले. मी त्याला तिथेच, मागे चार गिऱ्हाइके उभी असताना, शिक्षिकेच्या आवाजात सांगितले की नैराश्यासाठी ती बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात आणि थोड्या मात्रेत नसांचे दुखणे शमवण्यासाठी देतात. तोंड कोरडे पडे, त्यामुळे शाळेत बाटलीभर कोकम सरबत न्यावे लागे. सकाळी प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत, म्हणून गोळी रात्री दहाऐवजी आठ वाजता घेऊ लागले.

डॉक्टरांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली होती, आणि त्यामुळेच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. मलमाने किंवा गोळीने बरे वाटेलच असे त्या म्हणाल्या नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लिडोकेनचे क्रीम आणि अमिट्रिप्टिलिनच्याच कुळातली डेसिप्रामिनची गोळी ही बिनऔषधी क्रीम-गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. उलट कॅनडातल्या २१२ स्त्रियांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा आठवड्यांची श्रोणीतळाची फिजिओथेरपी लिडोकेनपेक्षा पुष्कळ गुणकारी दिसली होती. 'औषध चालू ठेवा, पण भरवसा व्यायामावर,' असे त्यांचे म्हणणे होते. प्रांगणाची दुखरी पट्टी शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचाही मार्ग असतो, परंतु तो सगळे करून थकल्यावर; मला त्याची गरज पडली नाही.

आता श्रोणीतळाची फिजिओथेरपी करणारी व्यक्ती सिंधुदुर्गात शोधून मला सापडली नाही. गुडघा, पाठ आणि अर्धांगवायू यांच्यापलीकडे कोणी हात घालत नव्हते. शेवटी पणजीजवळ एक तरुण फिजिओथेरपिस्ट मिळाल्या. पहिले तीन महिने मी पंधरा दिवसांनी शनिवारी सावंतवाडी-बांदा करत जात असे, आणि मधले तास मोबाइलवर होत. आमच्या घरात रेंज येते ती माडीवरच्या पूर्वेच्या खिडकीतच, आणि तिथे हापूसच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवलेल्या असतात. त्या पेट्यांच्या मधोमध चटई घालून, फोन एका पेटीवर टेकवून, मी गुडघे वाकवून निजत असे आणि त्या पलीकडून कोकणीत 'ढिलें सोड, ढिलें सोड' म्हणत.

सैल सोडणे ही क्रिया आहे हे मला तोपर्यंत कळले नव्हते. मी समजत असे की आवळणे थांबवले की आपोआप सैल होते. त्यांनी सांगितले, लघवी सुरू होण्याच्या क्षणी खाली काहीतरी मोकळे होते ना, तेवढेच फक्त आठवा. काही करू नका. श्वास छातीत न घेता पोटात घ्यायचा. पोट वर येताना तीच झोळी किंचित खाली येते, श्वास सोडताना परत येते. बारा-पंधरा दिवस मला काहीच कळले नाही. मी नुसती पेट्यांवरची छापील नावे वाचत पडून राही. मग एका संध्याकाळी, पाऊस कौलांवर वाजत असताना, श्वास घेता घेता ते स्वतःहून खाली उतरले. एवढेसेच. परंतु मी फोनवर ओरडले, कारण चार वर्षांत त्या भागात माझ्या इच्छेने घडलेली ती पहिली गोष्ट होती.

पुढे बोटाने आतल्या स्नायूंवर हलका दाब देऊन ते सुटेपर्यंत थांबायचे शिकवले, आणि मग स्नायूंना हळूहळू सवय व्हावी म्हणून आत ठेवायचे डायलेटर आले: सिलिकॉनचे पाच गुळगुळीत तुकडे, पहिला करंगळीएवढा, पुढचे क्रमाने जाड. कुरिअरचा मुलगा खोका घेऊन थेट शाळेत आला आणि कारकुनांनी 'काय मागवलेत?' म्हणून विचारले. मी 'प्रयोगशाळेचे साहित्य' असे उत्तर दिले, ते अगदीच खोटे नव्हते. आमच्या घाण्याच्या खोबरेलाचा त्यासाठी उपयोग झाला. कंडोम वापरणाऱ्यांनी मात्र तेल टाळावे, कारण तेलाने लेटेक्स कमकुवत होते. पहिल्या आकाराला तीन आठवडे लागले, दुसऱ्याला दोन, तिसऱ्यावर मी दीड महिना अडकले. दुखणे तीनच्या वर गेले की थांबायचे, सहन करायचे नाही, हा नियम मला सर्वांत जड गेला. सहन करणे आम्हा बायकांना चांगले जमते, आणि तेच इथे घात करते.

बसण्यासाठी मी फोमची गादी मध्ये कापून घेतली. ती पाहून शाळेत सर्वांनी 'मूळव्याध का?' असे विचारले आणि मी सर्वांना 'हो' म्हणाले. मूळव्याधीला आमच्याकडे प्रतिष्ठा आहे. तिच्यावर चारचौघांत औषधे सुचवली जातात.

यजमान मे महिन्यात माझ्याबरोबर मुंबईला आले. मी त्यांना टाळते आहे असे त्यांना चार वर्षे वाटत होते आणि त्यांनी ते बोलून दाखवले नव्हते, हे मला डॉक्टरांच्या खोलीत कळले. डॉक्टरांनी आकडे लिहिलेला तो गोल त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, 'एवढ्याशा जागेत आठ?' सहा महिने संबंधच नकोत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि त्या बंदीने आम्हा दोघांवरचा मोठा भार उतरला; नुसते शेजारी बसणे पुन्हा सोपे झाले.

मी रोजचा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत असे, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी, म्हणजे कोणाला शंका येऊ नये. त्या वर्षी चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. मुंबईकर चाकरमानी आले, घर भरले, आणि मोदकांचे खोबरे खवायला मी उभ्यानेच सोय करू पाहत होते. सासूबाई म्हणाल्या, 'कित्याक गो उभी? बस मगे पाटार, मोदक काय पळान जाऊचे नाय.' मी बसले. विळीवर एक पाय मुडपून, पुढे वाकून, सोळा नारळ. त्यानंतर चार दिवस व्यायाम नाही, झोप नाही, आल्यागेल्याच्या पंक्ती. रविवारी आकडा सातवर गेला. मी माडीवर जाऊन रडले, सगळे वाया गेले म्हणून. फिजिओथेरपिस्टबाईंनी शांतपणे सांगितले की हे व्हायचेच होते. नसा जुनी वाट विसरत नाहीत. पहिल्या डायलेटरपासून पुन्हा सुरू करा, या वेळी तीन आठवडे लागणार नाहीत. पाच दिवस लागले. सासूबाई मात्र कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभ्या होत्या: 'आयतवारी सात लिटर दूध कोणी पिल्यान गो?'

त्या दिवशी मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, काही विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून मला विळी मिळाली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी निदानाचा कागद तालुक्यातल्या पहिल्या डॉक्टरांना नेऊन दाखवला. मला वाटत होते, दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. त्यांनी तो वाचला, परत दिला आणि हसून म्हणाले, 'मुंबईचे डॉक्टर मुंबईचे आजार शोधतात.' मी टेबलावर त्या गोलाची एक प्रत ठेवून आले. ती त्यांनी टाकली असेल किंवा ठेवली असेल.

अमिट्रिप्टिलिन सात महिने घेतली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून दहा-दहाने उतरवत बंद केली. ती एकदम सोडू नये. लिडोकेन आता क्वचित लागते. २०२३ च्या फेब्रुवारीत, पहिल्या भेटीला वर्ष होत असताना, कापसाची काडी पुन्हा फिरली. एक आणि अकराला शून्य, पाचला दोन, सातला एक. सातला डॉक्टरांनी दोनदा लावून पाहिले. 'बरी झाले का?' असे मी विचारले. 'प्रवासाला लागलात,' असे त्या म्हणाल्या आणि व्यायाम आठवड्यातून तीनदा चालू ठेवायला सांगितले.

मांडवी सकाळी सुटली. गादी मी बरोबर घेतली होती. रोह्यापर्यंत तिची आठवण झाली नाही, मग ती खाली घेतली. चिपळूणपर्यंत मी बसून आले, तिथे उठून दाराशी गेले आणि रत्नागिरीला परत जागेवर येऊन बसले. कुडाळहून एस.टी.ने घरी पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. कॅलेंडरवरच्या त्या दिवसाच्या चौकोनात मी तीन लिहिले. शेजारी सासूबाईंनी दीड लिटर आधीच लिहून ठेवले होते.